आमच्या वाडीपर्यंत 108 पोचावी म्हणून केलेली खटपट

शेजारच्या वाड्यांमधल्या बायका सारख्या विचारतायत की 108 ची रुग्णवाहिका न चुकता पोचावी म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत, अर्ज कुणाला दिला, पैसे कुठून उभे केले, म्हणून म्हटलं एकदा सगळं पहिल्यापासून लिहूनच काढू. आमची वाडी महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात आहे. साठेक घरं, त्यातल्या निम्म्या घरांना कुलूप कारण माणसं मुंबईला, आणि इथे राहिलेले म्हणजे म्हातारी माणसं, आम्ही सुना आणि शाळेतली पोरं. डांबरी रस्ता खाली फाट्यापर्यंतच. तिथून कच्चा रस्ता ओढ्यापर्यंत येतो, ओढ्यावर साकव म्हणजे पायी जायचा छोटा पूल आहे आणि साकवाच्या पलीकडे फक्त पायवाट. म्हणजे गाडी कुठलीही असो, ती साकवाशी थांबते आणि पेशंटला तिथपर्यंत आपणच न्यायचं. आधी डोलीतून न्यायचे, बांबूला घोंगडी बांधून.

108 बद्दल आधी थोडं सांगते कारण बऱ्याच जणांना अजून वाटतं की ती महाडची किंवा पोलादपूरची गाडी आहे आणि फोन तिथेच लागतो. तसं नाहीये. ही सेवा 2014 पासून राज्यभर आहे, सुरू झाली तेव्हाच 937 गाड्या होत्या, त्यात 233 मोठ्या एएलएस म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या आणि 704 बीएलएस म्हणजे प्राथमिक उपचारांच्या साध्या, आणि प्रत्येक गाडीत पायलटबरोबर एक डॉक्टर असतो. पायलट म्हणजे ड्रायव्हर, पण त्यांना सगळे पायलटच म्हणतात. पैसे एक रुपया लागत नाही. फोन मात्र जातो पुण्याला, औंधच्या कंट्रोल रूममध्ये. तिथे फोन उचलणाऱ्या मुलीला आपली वाडी माहीत असायचं काहीच कारण नाही, तिला जे आपण सांगू तेच कळणार. हे आम्हाला 2023 च्या जुलैत फार वाईट पद्धतीने कळलं.

जुलैचा पहिला आठवडा, लावणी ऐन भरात. माझ्या चुलत सासूबाई बांधावरून उतरताना त्यांच्या पायाला फुरसं चावलं. दिराने लगेच 108 लावला, फोन लागलाही, पण वरच्या मोरीपाशी जिथे रेंज येते तिथून तो बोलत होता आणि आवाज तुटत होता. त्याने गावाचं नाव सांगितलं, वाडीचं सांगितलं, आणि आमच्या वाडीच्या नावाची आणखी एक वाडी त्याच तालुक्यात पार दुसऱ्या अंगाला आहे. गाडी तिकडच्या फाट्यावर जाऊन उभी राहिली. इकडे आम्ही काकींना घोंगडीत घालून चिखलातून खाली आणतोय आणि फाट्यावर कुणीच नाही. मग डॉक्टरांचा फोन आला, घोळ लक्षात आला, गाडी वळून आली, पण तोपर्यंत त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. काकी वाचल्या. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये काढले, पाय अजून दुखतो त्यांचा. त्यानंतर दोनेक आठवड्यांत, 19 जुलैच्या रात्री, खालापूरकडे इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथेही गाड्या पायथ्याशीच थांबल्या आणि माणसं अंधारात पावसात चालत वर गेली, हे सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये त्या दिवशी हप्त्याचा विषय निघालाच नाही, सगळ्या एकच बोलत होत्या की उद्या आपल्यावर वेळ आली तर काय.

मी गटाची सचिव, लिहिण्याचं काम माझ्याकडे, म्हणून हे माझ्याकडे आलं. पहिलं ठरवलं की 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा. इथे पहिली टीप, ग्रामसभेला विषय आयत्या वेळी मांडला तर तो "आयत्या वेळचे विषय" मध्ये शेवटी जातो आणि तोपर्यंत माणसं उठून गेलेली असतात, म्हणून आठवडाभर आधी ग्रामसेवकांकडे लेखी द्या. (तेव्हा ग्रामसेवकच म्हणायचे, आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय.) 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, पाऊस धो धो आणि कोरमच भरला नाही. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी तरी लागतात. मला वाटलं आता पुढची सभा थेट 2 ऑक्टोबरला, पण सरपंचांनीच सांगितलं की तहकूब सभेला कोरमची अट नसते. ती आठवड्याने झाली आणि तिथे ठराव झाला, सूचक आमच्या गटाच्या अध्यक्षा आणि अनुमोदक पोलीस पाटलांच्या घरच्या वहिनी. ठरावात तीन गोष्टी मागितल्या: वाडीची नोंद आणि रस्त्याची माहिती 108 च्या लोकांपर्यंत पोचवणे, फाट्यावर बोर्ड, आणि ग्रामस्थांना प्रथमोपचाराचं ट्रेनिंग. नवीन रुग्णवाहिका मागू नका असं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आधीच बजावलं होतं, कारण ती मागणी फार वर जाते आणि तिच्याबरोबर बाकीच्या छोट्या मागण्याही अडकतात. त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला गणपती उजाडले. त्याबरोबर पत्र जोडलं आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि 108 च्या जिल्हा व्यवस्थापकांना दिलं, जिल्हा शल्यचिकित्सकांना माहितीसाठी प्रत. प्रत्येक ठिकाणी आपल्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, त्याशिवाय कार्यालयातून हलू नका. एका टेबलावर मला सांगितलं "ठेवून जा ताई, साहेब बघतील", मी म्हटलं बघू देत पण आधी पोच द्या. थोडं तोंड वाकडं केलं, पण दिली. पुढे जेव्हा तेच पत्र "मिळालेलंच नाही" असं ऐकायला आलं तेव्हा तो शिक्काच कामी आला.

मग काहीच नाही. गणपती गेले, भात कापणी झाली, दिवाळी झाली. जाऊन विचारलं की "प्रक्रियेत आहे". खरं सांगते, मनातून उतरत चाललं होतं. गटातल्या बायका काही बोलत नव्हत्या पण मला त्यांच्याकडे बघायला नको वाटायचं. अशात आशाताई म्हणाल्या की पत्र वरून खाली यायला वेळ लागतो तर आपण खालूनच भेटू की, गाडी तर रुग्णालयाच्या आवारातच उभी असते. नोव्हेंबरच्या शेवटी दुपारच्या एसटीने आम्ही चौघी गेलो.

हे आधीच करायला हवं असं मी प्रत्येकीला सांगते. डॉक्टर मॅडम रेकॉर्ड लिहीत होत्या, पायलट दादा गाडीचा मागचा भाग धुवत होते. आम्ही पत्र दाखवलं तर मॅडम म्हणाल्या आधी आत या, गाडी बघा. मला वाटलं होतं आत नुसता स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर असेल. पण घशातला स्राव ओढायचं सक्शन मशीन, मानेला लावायचा पट्टा, हातपाय मोडला तर बांधायच्या पट्ट्या, बाळंतपणाचं वेगळं किट, सगळं जागच्या जागी चिकटपट्टीने नाव लिहून. मॅडमनी सांगितलं की ड्युटीवर आल्या आल्या रोज हे सगळं मोजून सही करायची असते आणि सिलिंडरचा काटा बघायचा असतो. आमच्यातल्या एका वहिनीने विचारलं की रात्री बाळंतपण गाडीतच झालं तर, तर म्हणाल्या होतात की, आणि गाडी बाजूला घेऊन करतो.

पायलट दादा फार कमी बोलणारे. आमचं सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "ताई, आम्हाला गाव सापडतं, वाडी सापडत नाही." आणि मग समजावून सांगितलं. सरकारी यादीत महसुली गाव असतं, एका गावाच्या सहा-सात वाड्या डोंगरभर पसरलेल्या, मोबाईलच्या नकाशात टाचणी पडते ती ग्रामपंचायतीच्या इमारतीवर. रात्री, पावसात, फाट्यावर ना दिवा ना बोर्ड, फोन करणाऱ्याचा फोन पुन्हा लागत नाही. ग्रामीण भागात 30 मिनिटांत पोचायचं असं त्यांच्यावर बंधन असतं पण त्यातली बरीच मिनिटं अशी शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जातात. आम्ही इतके दिवस गाडी उशिरा येते असं म्हणत होतो आणि ही माणसं आम्हाला शोधत फिरत होती, हे ऐकून आम्ही चौघीही गप्प झालो.

डिसेंबरात एका सकाळी ड्युटी संपल्यावर दादा स्वतःच्या मोटारसायकलवरून वाडीत आले. कुणी पाठवलं नव्हतं. कच्च्या रस्त्यावरून पायी चालले, काठीने रुंदी मोजली, दोन ठिकाणी थांबून म्हणाले ही फांदी छाटा, गाडीच्या टपाला लागेल, आणि साकवाच्या अलीकडे जो सपाट तुकडा आहे तिथे सरपण रचू नका कारण मला गाडी वळवायला तेवढीच जागा आहे, उलटी घेत फाट्यापर्यंत जायला लागलं तर दहा मिनिटं तिथेच गेली. ज्या आजींचं सरपण होतं त्यांनी त्याच दिवशी नातवाकडून हलवून घेतलं. दादांनी आम्हाला मोबाईलवर साकवाचं लोकेशन सेव्ह कसं करायचं तेही शिकवलं. आणि एक सांगितलं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की फोन झाल्यावर एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा आणि त्याने तिथून हलायचं नाही, पेशंटजवळ गर्दी करणारे दहा असतात पण रस्त्यावर कुणी नसतं.

बोर्डाचं प्रकरण मात्र लांबलं. फाटा जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर, त्यामुळे रस्त्याकडेला बोर्ड रोवायला बांधकाम उपविभागाची ना हरकत पाहिजे. अर्ज दिला जानेवारीत. तिथून विचारणा झाली की बोर्डाचा आकार किती, मजकूर काय, खर्च कोण करणार. ते दिलं. मग म्हणाले स्थळपाहणी करायला लागेल. फेब्रुवारी गेला. शेवटी पोलीस पाटलांनी सुचवलं की रस्त्याकडेला कशाला, फाट्यावरची एसटीची शेड ग्रामपंचायतीने बांधलीय, तिच्या भिंतीवर ग्रामपंचायत हवं ते लिहू शकते. मग शेडच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत वाडीचं नाव आणि बाण, आणि हेडलाइट पडला की चमकेल अशी पट्टी खाली. तसेच दोन छोटे बोर्ड कच्च्या रस्त्याच्या फुटाला, ती जमीन आमच्यातल्याच एका भावकीची. पेंटरने पैसे फक्त रंगाचे घेतले, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत झालं. ना हरकतीचं पत्र अजून आलेलं नाही.

पैशांचं सांगायचं तर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती म्हणून प्रत्येक गावात असते आणि तिला आरोग्य अभियानातून वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित म्हणजे गरजेप्रमाणे खर्च करता येणारा निधी असतो. खूप गावांत तो ओआरएस आणि ब्लिचिंग पावडरवर संपतो किंवा पडून राहतो. आमच्याकडे थोडा शिल्लक होता पण तो काढायचा ठराव होईपर्यंत मार्च एंड आला, आणि 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मग "आता नवीन काहीच नाही, जूननंतर या". इथे मला खरंच रडू आलं होतं, कारण जून म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे पुन्हा लावणी.

मार्ग निघाला शिमग्यात. शिमग्याला चाकरमानी येतात, पालखी घरोघरी नाचते आणि मुंबई मंडळाची मीटिंगही तेव्हाच असते, देवळात. त्यात बाई बोलायला उभी राहिल्याची पद्धत नाही आमच्याकडे. पण काकी स्वतः काठी टेकत आल्या, साडी थोडी वर करून पाय दाखवला आणि म्हणाल्या, "ही आता बोलंल, ऐका." मी हिशोब वाचून दाखवला: फोल्डिंगचा स्ट्रेचर 4,200, मोठ्या चार्जिंगच्या टॉर्च, प्लास्टिकची ताडपत्री, कार्डांचं लॅमिनेशन, पावसाळी गमबूट चार जोड. कुणी फार प्रश्न विचारले नाहीत. मंडळाने मंदिराच्या रंगाच्या पैशातून 11,000 बाजूला काढले आणि लोअर परेलच्या एका दादांनी स्ट्रेचर मुंबईहून एसटीच्या टपावरून पाठवायचं कबूल केलं. स्ट्रेचर मात्र वजन किती झेपतं हे विचारूनच घ्या, आणि घेतल्यावर घरातल्या सगळ्यात जाड माणसाला झोपवून उचलून बघा. चढ-उतारावर पेशंट घसरू नये म्हणून पट्टे लागतात, स्वस्तातल्या स्ट्रेचरला ते नसतात, आम्ही नंतर चांभारांकडून शिवून घेतले.

ट्रेनिंगची परवानगी तेवढ्यात आली, ती आमच्या पहिल्या पत्रावरच, म्हणजे ऑगस्टच्या ठरावावर एप्रिलमध्ये. आचारसंहितेत कार्यक्रम म्हटलं की बॅनर, पाहुणे, नारळ आलं, म्हणून आम्ही कार्यक्रम न म्हणता शाळेच्या वर्गात शनिवारी दुपारी नुसतं बसलो. मॅडम आणि दादा गाडी घेऊनच आले कारण ड्युटीवर होते. मॅडमनी सतरंजीवर पुतळा ठेवला आणि छाती कशी दाबायची ते दाखवलं, दोन्ही तळवे एकावर एक, छातीच्या मधोमध, कोपर ताठ, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. आमच्या बायका उखळात कांडणाऱ्या, पण दोन मिनिटांत प्रत्येकीला घाम फुटला. माझ्या पुढच्या वहिनी पुतळ्यावर ओणवून दाबत होत्या आणि तेवढ्यात दादांचा फोन वाजला. हायवेवर अपघात. मॅडमनी पुतळा तिथेच टाकला, चपला हातात घेतल्या आणि धावत सुटल्या, गाडी शाळेच्या पटांगणात आणता येत नाही म्हणून खाली साकवाशी उभी होती, सायरन ऐकू आला तेव्हा आम्ही अजून उठून खिडकीशीही पोचलो नव्हतो. त्या दिवशी पुढचं आशाताईंनी घेतलं. मॅडम परत आल्या पुढच्या महिन्यात, पुतळा न्यायला आणि राहिलेलं शिकवायला.

दुसऱ्या वेळी साप-विंचवाचा विषय घेतला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पकडून आणायची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर ठीक नाहीतर सोडून द्या. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात-पाय मोडल्यासारखा काठीला सैल बांधून स्थिर ठेवा, अंगठी-पैंजण-घड्याळ काढा, आणि चावल्याची वेळ लिहून ठेवा. विंचवावर बोलताना म्हाताऱ्यांनी लगेच बावस्करांचं नाव घेतलं. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात इथे जवळच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होते, लाल विंचवाने पोरं दगावायची त्यावर त्यांनी प्राझोसिन गोळी वापरून उपचार बसवला, 2022 ला पद्मश्री मिळाली. आमच्या एका आजींचा मुलगा त्या काळात वाचलेला, आज तो पन्नाशी पार आहे. त्या बोलल्या तेव्हा वर्गात जी शांतता होती तसं मॅडमच्या कुठल्या तक्त्यानेही झालं नसतं.

आमच्या वाडीत सापाचं उतरवणारे एक आजोबा आहेत. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं आणि पुढे खुर्ची दिली होती, कारण रात्री माणूस चावला की पहिली हाक अजूनही त्यांनाच जाते, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. मॅडमनी त्यांचा अपमान होईल असा एक शब्द काढला नाही. विचारलं, "बाबा, तुमच्याकडे कुणी आलं तर तुम्ही एक काम कराल का, आधी 108 लावायला सांगाल, आणि गाडी येईपर्यंत त्याला पडूनच ठेवाल?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या घरी फोन नाय, पण नातवाकडे हाय. पयला फोन, मग मी." एवढं मला बास होतं. पुरुषांचा प्रश्न वेगळा होता, हायवेवर अपघातग्रस्ताला उचललं तर पोलिसांचं झंझट नको. त्यावर मॅडमनी सांगितलं की 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही करता येत नाही.

मेमध्ये मतदान 7 तारखेला होतं, चाकरमानी मतदानाला आणि सुट्टीला आले होते, तेव्हा कार्डं घरोघर लावली. दाराच्या आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. मजकूर असा: जिल्हा रायगड, तालुका, महसुली गाव, मग वाडी, मग "त्याच नावाची दुसरी वाडी आहे, आम्ही अमुक फाट्याची", मग एसटी शेडची खूण, "गाडी साकवापर्यंत येते", आणि शेवटी दोन नंबर, एक ज्याच्याकडून फोन झाला त्याचा लिहायला मोकळी जागा आणि दुसरा पोलीस पाटलांचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पाठ केलं, नातवंडांनी करून घेतलं. गरोदर बाईसाठी 102 वेगळं लिहिलंय, तिला दवाखान्यात न्यायला आणि बाळंतपणानंतर घरी सोडायलाही ती गाडी मोफत असते, त्यासाठी माता-बाल कार्ड हाताशी ठेवा. बाकीच्यांनी आधार आणि रेशनकार्ड एका पिशवीत घालून दाराशी अडकवून ठेवलेलं बरं, महात्मा फुले योजनेला पुढे तेच लागतं. मग एका संध्याकाळी रंगीत तालीम केली, माझ्या दिराला स्ट्रेचरवर घातलं आणि सगळ्यात वरच्या घरापासून साकवापर्यंत नेलं. उचलणारे दर वळणाला बदलायला लागतात हे तेव्हा कळलं, म्हणून आता कोण कुठे उभं राहील ते ठरलेलं आहे.

2024 चा जुलै. रात्री साडेआठचा सुमार, पावसाची झड, नववीतला एक पोरगा मित्रांबरोबर ओढ्याला खेकडे पकडायला गेला होता. घोणस. त्याच्याबरोबरच्या पोरांनी त्याला चालवला नाही, एक पोर त्याच्याजवळ बसलं आणि दुसरं धावत आलं. कार्ड बघून आईनेच फोन केला, रडत रडत पण एक एक ओळ वाचली तिने. काठी, ओढणीने सैल बांधलं, मनगटातला दोरा आणि घड्याळ काढलं, त्याच्या वहीच्या पानावर वेळ लिहिली. आजोबांचा नातू टॉर्च घेऊन फाट्यावर. आम्ही साकवाशी पोचलो आणि पाचेक मिनिटांत गाडीचा दिवा खालच्या वळणावर दिसला, सरळ आली, कुठेही थांबली नाही. या वेळी डॉक्टर वेगळे होते, पायलट तेच. रुग्णालयात रक्त गोठतंय का बघायला ते काचेच्या कोऱ्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मी तिथेच भिंतीच्या घड्याळाकडे बघत उभी होते. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच लस सुरू केली, पहाटे पुढे मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. आठवड्याभराने पोरगा घरी आला.

सगळं असंच होतं असं नाही. सप्टेंबरात, गणपतीत, आमच्या शेजारच्या अण्णांच्या छातीत दुखलं. फोन, टॉर्च, स्ट्रेचर, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, पण आमची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती आणि लांबच्या ठिकाणची पाठवली. वाटेत त्यांचा श्वास थांबला, डॉक्टरांनी गाडीतच छाती दाबायला घेतली, पण अण्णा गेले. त्यांच्या मुलाने नंतर मला सांगितलं की शेवटपर्यंत कुणीतरी काहीतरी करत होतं, एवढं तरी आहे. मी त्यावर अजून काही बोलू शकलेले नाही. एक गोष्ट मात्र आम्ही त्यानंतर केली, गाडी लांबून येणार असं कंट्रोल रूमने सांगितलं तर थांबायचं की अर्ध्या वाटेपर्यंत आपल्या जीपने न्यायचं हे डॉक्टरांनाच फोनवर विचारायचं, आणि त्यासाठी फाट्यावरच्या दोन जीपवाल्यांशी बोलून ठेवलंय, डिझेलचे पैसे गटाच्या खात्यातून.

जे राहिलंय तेही सांगते. रेंज अजून मोरीपाशीच येते, टॉवरचा अर्ज पडून आहे. साकवाच्या जागी गाडी जाईल असा पूल व्हावा म्हणून नव्याने ठराव केलाय, त्याला अंदाजपत्रक लागतं आणि ते उपअभियंत्यांच्या सहीसाठी थांबलंय. समितीचा निधी यंदा वेळेत काढला आणि दुसरा स्ट्रेचर वरच्या आळीला घेतला. दादांची बदली दुसऱ्या लोकेशनला झालीय, नवीन पायलट आले त्या आठवड्यातच आम्ही जाऊन भेटलो आणि त्यांना रस्ता दाखवायला वाडीत घेऊन आलो, हे दर वेळी माणूस बदलला की करायचं असं गटाच्या वहीत लिहून ठेवलंय. तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी गाडीपाशी जा आणि मग अर्ज लिहा. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर लेखी पत्र डिसेंबरातच द्या.